रुळांच्या दोन्ही बाजूंचे हॅम्लेट

गेल्या अंकात हॅम्लेटवर लिहिले आणि नेहमीपेक्षा जास्त पत्रे आली. त्यांतली बरीचशी रेल्वेत हयात घालवलेल्या मंडळींची आहेत, त्यामुळे प्रश्नही नेमके आहेत. ज्यांनी तो लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हॅम्लेट हे अमेरिकेच्या दक्षिण भागातले, नॉर्थ कॅरोलिना राज्याच्या रिचमंड काउंटीतले, साउथ कॅरोलिनाच्या सीमेजवळचे साधारण सहा हजार वस्तीचे गाव. ते रेल्वेमुळे वसले आणि रेल्वेच्या पगारावर मोठे झाले. माझे घर रॉलीत, म्हणजे राज्याच्या राजधानीत आहे. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात स्थानिक इतिहासाची कपाटे सांभाळण्यात माझी नोकरी गेली, आणि त्या कपाटांतूनच मला या गावाचा लळा लागला. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून उत्तरे देते आहे.

प्रश्न : मी भुसावळचा निवृत्त गार्ड. तुम्ही लिहिलेत की हॅम्लेटहून पाच दिशांना मार्ग जात. एवढ्याशा गावाला पाच मार्ग कसे मिळाले? आणि गाड्यांचा स्टाफ नेमका तिथेच का बदलायचा?

उत्तर : आधी तिथे फारसे काहीच नव्हते. वाळूच्या टेकड्या, पाइनची झाडे, आणि विल्मिंग्टन बंदराकडून शार्लटकडे जाणारा एक मार्ग. १८७०च्या दशकात जॉन शॉर्टरिज नावाच्या इंग्रज गृहस्थाने तिथे जमीन घेऊन गिरणी उभी केली. त्याच दशकात रॉलीकडून दक्षिणेला येणारा दुसरा मार्ग याच जागी पहिल्याला आडवा छेदून गेला. गावाला नगरपालिकेचा दर्जा मिळाला तो १८९७ मध्ये. १९०० साली दक्षिणेतल्या बऱ्याच लहान रेल्वे कंपन्या एकत्र करून ‘सीबोर्ड एअर लाइन’ ही मोठी कंपनी झाली (ही विमान कंपनी नव्हे, आगगाड्यांचीच), आणि हे छेदनबिंदूचे गाव तिच्या जाळ्याच्या मधोमध आले. उत्तरेला रॉली आणि पुढे व्हर्जिनिया, पूर्वेला विल्मिंग्टन, पश्चिमेला शार्लट आणि अटलांटा, दक्षिणेला कोलंबिया आणि फ्लोरिडा, आणि आग्नेयेला चार्ल्स्टन, असे ते पाच मार्ग.

स्टाफ बदलण्याचे कारण तुम्हाला पटकन पटेल. अमेरिकी रेल्वेतल्या करारांत मालगाडीवरच्या माणसाने शंभर मैल गाडी चालवली की एक दिवसाचा रोज भरला असा हिशेब असे. वाफेच्या इंजिनालाही तेवढ्या पल्ल्यानंतर कोळसा, पाणी, राख काढणे आणि तपासणी लागायची. रॉलीहून हॅम्लेट जवळपास शंभर मैल, आणि हॅम्लेटहून कोलंबियाही जवळपास तेवढेच. म्हणजे एका गाडीचे ड्रायव्हर, फायरमन, ब्रेकमन आणि कंडक्टर (म्हणजे तुमच्याकडचा गार्ड) इथे उतरणार, दुसरे चढणार. उतरलेल्यांना जेवायला, झोपायला जागा हवी. म्हणून स्टेशनाभोवती हॉटेले आणि खाणावळी झाल्या. घरोघरी फोन येण्याआधीच्या काळात ‘कॉल बॉय’ म्हणून पोरे कामाला असत. कोणाची ड्युटी लागली की त्या पोराने रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थाप मारायची आणि वहीत सही घ्यायची. त्या वहीवर गाव चालत होते म्हटले तरी चालेल. चर्चमध्ये कोण येणार, लग्नाला कोण हजर राहणार, बाळंतपणाच्या वेळी नवरा घरी असणार की कोलंबियाला, हे सगळे ती वही ठरवायची. १९०७ च्या केंद्रीय कायद्याने गाडीवरच्या माणसाला सलग सोळा तासांपेक्षा जास्त राबवायला बंदी केली. त्याआधी काय चालत असेल याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला करता येईल.

तुम्ही यार्डाबद्दलही विचारले आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यावर सीबोर्डने हॅम्लेटला मोठे हंप यार्ड बांधले. मालगाडी आली की इंजिन तिला मागून ढकलत एका उंचवट्यावर नेते, माथ्यावर कपलिंग सोडतात आणि डबा उताराने आपल्या वजनानेच खाली सुटतो. खाली सांधे बदलून त्याला ज्या गावाला जायचे त्या रुळावर घेतात. वेग जास्त असेल तर रुळालगत बसवलेले ब्रेक दोन्ही बाजूंनी चाके आवळतात. पाच दिशांनी आलेले डबे सुटे करून पुन्हा पाच दिशांना लावून देणे हा या गावाचा खरा धंदा. प्रवासी गाड्या दिमाखाच्या होत्या, पण चुली पेटायच्या त्या मालगाड्यांवर.

प्रश्न : नागपूरच्या डायमंड क्रॉसिंगजवळ आमचे लहानपण गेले. हॅम्लेटचे स्टेशन आहे त्या जागेवरून उचलून हलवले, हे खरे का? कशासाठी?

उत्तर : खरे आहे. १९०० साली बांधलेले ते लाकडी स्टेशन दोन मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथल्या कोपऱ्यात बसवलेले होते. त्याचे दोन पाय काटकोनात, प्रत्येक मार्गालगत एक, आणि दोन्ही जिथे मिळतात तिथे गोल बुरूज, वर निमुळते शंकूसारखे छप्पर. कुठल्याही मार्गाने गाडी आली तरी फलाट समोर. असे देखणे आणि इतके सोयीचे रेल्वे स्टेशन मी दक्षिणेत दुसरे पाहिलेले नाही. १९७१ मध्ये त्याची राष्ट्रीय वारसा नोंदवहीत नोंद झाली. पण दोन्ही अंगांनी अवजड मालगाड्या धडधडत असताना जुन्या लाकडी इमारतीत माणसांची ये-जा ठेवणे कठीण होत गेले. शेवटी २००३-०४ च्या सुमारास राज्याच्या वाहतूक खात्याच्या पुढाकाराने अख्खी इमारत उचलून रुळांच्या पलीकडे नेली, डागडुजी केली, आणि आता तिथे प्रतीक्षागृहाबरोबर संग्रहालयही आहे.

मला हे काम मनापासून आवडते. जुने पाडून त्याच्यासारखे नवे बांधणे स्वस्त पडले असते. या गावाने तसे केले नाही.

प्रश्न : जॅझ ऐकणारा वाचक, पुणे. जॉन कोल्ट्रेन हॅम्लेटचा. त्याच्या सॅक्सोफोनमध्ये गावच्या आगगाड्यांची लय आली असे कुठेतरी वाचले. तुमचे मत?

उत्तर : मला ते पटत नाही. कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ चा, हॅम्लेट अव्हेन्यू आणि ब्रिजेस स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावरच्या घरातला. वडील शिंपी होते. आईचे वडील आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन या कृष्णवर्णीय पंथात वरिष्ठ धर्मोपदेशक होते. कोल्ट्रेन काही महिन्यांचा असतानाच घरच्यांनी बिऱ्हाड हाय पॉइंट या गावी हलवले. तो वाढला, शिकला, पहिल्यांदा वाद्य हातात धरले ते सगळे तिथे. त्याच्या संगीताचा उगम शोधायचा तर मी आजोबांच्या प्रार्थनामंदिरात आधी शोधेन, इंजिनाच्या शिट्टीत नंतर. हॅम्लेटमध्ये त्याच्या जन्मस्थानाचा राज्य सरकारचा फलक आहे, तेवढा मान गावाचा आहे आणि तो रास्त आहे.

पण याच उत्तरात मला आणखी एका मुलाचे नाव घ्यायचे आहे, कारण त्याच्याबद्दल कोणीच विचारले नाही. टॉम विकर. त्याचाही जन्म हॅम्लेटचाच, १८ जून १९२६ चा, कोल्ट्रेनच्या तीन महिने आधीचा. वडील मालगाडीवर कंडक्टर. हा पुढे ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा वार्ताहर झाला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये अध्यक्ष केनेडींची हत्या झाली तेव्हा तो त्यांच्या ताफ्यातल्या पत्रकारांच्या बसमध्ये होता, आणि दुसऱ्या दिवशीची मुख्य बातमी त्याने लिहिली. १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲटिका तुरुंगातल्या कैद्यांनी उठाव केला तेव्हा वाटाघाटींवर देखरेख करायला कैद्यांनी ज्यांना बोलावले त्यांत हा रेल्वेवाल्याचा मुलगा होता.

एकाच गावात, एकाच वर्षी जन्मलेली ही दोन मुले. एक गोरे, एक काळे. दोन्ही कुटुंबे हॅम्लेटमध्येच राहिली असती तरी ही मुले कधी एका शाळेत गेली नसती, आणि गाडीची वाट बघताना एका बाकावर बसली नसती. पुढचा प्रश्न त्याच संदर्भातला आहे.

प्रश्न : लेखात तुम्ही स्टेशनात ‘दोन प्रतीक्षागृहे’ होती असा उल्लेख करून पुढे गेलात. जरा सविस्तर लिहाल का? काळे लोक रेल्वेत नोकरीला होते की नाही?

उत्तर : पुढे गेले ते जागेअभावी, आणि तुम्ही अडवलेत हे बरे झाले.

नॉर्थ कॅरोलिनात १८९९ च्या कायद्याने रेल्वेत गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी वेगळी व्यवस्था सक्तीची झाली. वर्षभराने बांधलेले हॅम्लेटचे स्टेशन या कायद्याच्या चौकटीतच उभे राहिले. कागदोपत्री दोन्हीकडची सोय ‘समान’ असायची. प्रत्यक्षात काळ्यांचा डबा बहुधा इंजिनाजवळचा, धूर आणि ठिणग्या येणारा, आणि अर्ध्या भागात सामान भरलेला. सुंदर बुरुजाचे छायाचित्र काढताना हे विसरायला होते, म्हणून सांगते.

आता नोकरीचे. काळे लोक रेल्वेत होते, फार मोठ्या संख्येने होते. रूळ टाकणाऱ्या आणि सरळ करणाऱ्या टोळ्या बहुतांशी त्यांच्याच. दक्षिणेत इंजिनावर कोळसा ओढणारे फायरमन आणि ब्रेकमनही पुष्कळ काळे होते, कारण ते काम अंगमेहनतीचे, धोक्याचे आणि गोऱ्यांना नकोसे होते. पण फायरमन कितीही वर्षे कोळसा ओढो, ड्रायव्हरची जागा त्याला मिळत नसे. गोऱ्या कामगारांच्या संघटना, ज्यांना ‘ब्रदरहूड’ म्हणत, त्यांना सभासद करून घेत नसत, आणि काम जरा सोपे झाले की त्याच संघटना कंपनीशी करार करून काळ्यांना त्या कामावरून हटवू पाहत. अलाबामातल्या एका काळ्या फायरमनने याविरुद्ध खटला भरला. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सर्वांच्या वतीने करार करणाऱ्या संघटनेला सर्वांचेच हित बघावे लागेल, सभासद असोत वा नसोत. राज्याराज्यांतून धावणाऱ्या गाड्यांतले आणि त्यांच्या प्रवाशांसाठीच्या प्रतीक्षागृहांतले वेगळेपण केंद्रीय वाणिज्य आयोगाने १९५५ च्या नोव्हेंबरात बेकायदा ठरवले. आदेश जानेवारी १९५६ पासून लागू झाला. स्टेशनातल्या पाट्या मात्र दक्षिणेत कितीतरी ठिकाणी त्यानंतरही राहिल्या.

हॅम्लेटच्या इतिहासातला एक दिवस याच संदर्भात सांगायला हवा. १९११ च्या जुलैमध्ये डरम शहरातल्या सेंट जोसेफ चर्चच्या मंडळींनी सहलीसाठी खास गाडी केली होती. शेकडो काळी कुटुंबे, नटूनथटून, शार्लटला निघालेली. हॅम्लेटमध्ये ही गाडी समोरून आलेल्या मालगाडीवर आदळली. डबे लाकडी होते. माणसे मेली, कितीतरी जखमी झाली. सहलीच्या आणि खास गाड्यांना कंपन्या जुने लाकडी डबे लावत, आणि धडक झाली की लाकूड पत्त्यांसारखे एकमेकांत घुसायचे. रेल्वेच्या अभिमानाच्या कथांमध्ये ही गाडी क्वचितच भेटते. डरमच्या त्या चर्चच्या इतिहासात ती आहे.

प्रश्न : मी पिंपरीच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात आहे. हॅम्लेटच्या कोंबडीच्या कारखान्याला १९९१ मध्ये लागलेल्या आगीवर तुम्ही एकच परिच्छेद लिहिला. आमच्या प्रशिक्षणात ही आग शिकवतात, पण गावाच्या बाजूने ती कशी घडली ते हवे आहे. कृपया टाळू नका.

उत्तर : टाळणार नाही. या महिन्यात माझी सर्वात जास्त जागा तुमच्या पत्रालाच आहे.

सुरुवात आगीपासून नाही, रेल्वेपासून करायला हवी. १९५०च्या दशकात वाफेची इंजिने जाऊन डिझेल आले. बॉयलर दुरुस्त करणारे, राख काढणारे, पाणी भरणारे, फायरमन, या सगळ्यांचे काम हळूहळू संपले. १९६७ मध्ये सीबोर्डचे तिच्या जुन्या प्रतिस्पर्धी अटलांटिक कोस्ट लाइनशी विलीनीकरण झाले. दोन कंपन्यांचे दोन समांतर मार्ग एकाच मालकाकडे आले, की एक मार्ग मुख्य होतो आणि दुसऱ्यावरचे काम आटते. १९८०च्या दशकात सगळे सीएसएक्स या कंपनीत गेले. गाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा गेला, पाच माणसांच्या जागी दोन आली. यार्ड राहिले, पण पूर्वी जितक्या घरांत रेल्वेचा पगार यायचा तितक्या घरांत तो येईनासा झाला. शेजारच्या रॉकिंगहॅमच्या कापडगिरण्यांनाही तेव्हा उतरती कळा होती.

अशा वेळी १९८० मध्ये पेनसिल्व्हेनियातली इंपीरियल फूड प्रॉडक्ट्स ही कंपनी इथे आली. तिने पूर्वी आइस्क्रीमचा कारखाना असलेली विटांची बैठी इमारत घेतली आणि कोंबडीचे तळलेले तुकडे बनवायला सुरुवात केली. नॉर्थ कॅरोलिनात कामगार संघटना देशात सर्वात दुबळ्या, आणि राज्य सरकार उद्योगांना बोलावताना हे लपवत नसे. १९९१ मध्ये देशाचे किमान वेतन तासाला ४.२५ डॉलर होते. इथली मजुरी त्याच्या फारशी वर नव्हती. कामाला मुख्यतः बायका होत्या, काळ्या आणि गोऱ्या दोन्ही. त्यांतल्या अनेक जणी एकट्याने घर चालवणाऱ्या. रुळांच्या कडेने गावाची जी विभागणी होती ती या कारखान्यात पुसली गेली होती, कारण गरज दोन्हीकडे सारखीच होती.

३ सप्टेंबर १९९१. अमेरिकेत कामगार दिन सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी असतो, त्या सुट्टीनंतरचा मंगळवार. सकाळी आठच्या पुढे आत नव्वदच्या आसपास माणसे होती. मोठ्या तळण्याच्या कढईजवळून पट्टा चालवणारी हायड्रॉलिक तेलाची नळी दुरुस्त केली होती. दाब सुरू करताच ती जोडातून निसटली, तेलाचा फवारा खालच्या गॅसच्या ज्वाळांवर गेला आणि भडका उडाला. तळणाचे तेल पेटले. काही मिनिटांत काळा धूर छतापासून जमिनीपर्यंत उतरला. आपोआप पाणी सोडणारी स्प्रिंकलर यंत्रणा नव्हती. धोक्याची घंटा नव्हती. कामगारांना आग लागल्यावर काय करायचे ते कधी शिकवले नव्हते. आणि बाहेर जायची दारे कुलूपबंद होती, कारण कोंबडी चोरीला जाते असा व्यवस्थापनाला संशय होता. माल चढवण्याच्या बाजूला ट्रेलर लागलेला होता, त्यामुळे ती वाटही अडलेली होती. काही जण धुरापासून वाचायला शीतगृहात शिरले आणि तिथेच गुदमरले. पंचवीस माणसे गेली, पन्नासहून अधिक जखमी झाली. मेलेल्यांपैकी बहुतेक बायका होत्या. त्यांत खाद्यपदार्थांच्या यंत्रात माल भरायला आलेला एक माणूसही होता. त्याचा त्या कंपनीशी नोकरीचा काही संबंध नव्हता.

तुमच्या प्रशिक्षणात कारणे म्हणून कदाचित नळीचा जोड आणि कुलूप एवढी दोनच येत असतील. तिसरे मी सांगते. हा कारखाना अकरा वर्षे चालला आणि त्या अकरा वर्षांत कामगार सुरक्षेची एकही सरकारी तपासणी तिथे झाली नाही. तपासणीचे काम नॉर्थ कॅरोलिनाने केंद्राकडून स्वतःकडे घेतले होते, आणि निरीक्षक मात्र गरजेच्या मानाने फारच थोडे नेमले होते. न्यूयॉर्कच्या ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ जण कुलूपबंद दारामागे मेले ते १९११ मध्ये, ज्या वर्षी हॅम्लेटला सहलीची गाडी धडकली त्याच वर्षी. ऐंशी वर्षांनी पुन्हा कुलूपच. त्यामुळे या आगीला ‘दुर्दैवी अपघात’ म्हणायला माझी तयारी नाही.

आणखी एक गोष्ट गावात अजून दुखते. हॅम्लेटला लागूनच डॉबिन्स हाइट्स ही बहुतांशी काळ्या वस्तीची वेगळी नगरपालिका आहे. तिचे अग्निशमन दल मदतीला यायला तयार होते, पण त्यांना आपल्याच ठाण्यावर थांबून राहायला सांगितले गेले. ते आले असते तर किती जीव वाचले असते याचे उत्तर कोणी देऊ शकत नाही. पण त्यांना का बोलावले नाही, हा प्रश्न त्या घरांनी विचारला, आणि विचारणे त्यांचा हक्क होता.

पुढे काय झाले तेही विचारले आहेत. कंपनीला ८,०८,१५० डॉलर दंड झाला. कारखाना पुन्हा उघडला नाही. मालकाने १९९२ मध्ये सदोष मनुष्यवधाचे पंचवीस गुन्हे कबूल केले. शिक्षा १९ वर्षे ११ महिन्यांची झाली, सुटका पाच वर्षांच्या आतच. राज्याच्या विधिमंडळाने कामगार सुरक्षेचे कायदे बदलले. निरीक्षक वाढवले, जास्त अपघात होणाऱ्या उद्योगांत सुरक्षा समित्या सक्तीच्या केल्या, आणि धोक्याची तक्रार करणाऱ्या कामगाराला कामावरून काढता येणार नाही अशी तरतूद केली. माझ्या मते या शेवटच्या तरतुदीचे मोल सर्वात मोठे आहे. दार बंद असते हे आतल्या प्रत्येकीला ठाऊक होते. बोलले तर नोकरी जाईल हेही ठाऊक होते. तुम्ही सुरक्षा विभागात आहात, तर तुमच्या कारखान्यात तक्रार करणाऱ्याचे पुढे काय होते ते तपासा. अग्निशामक सिलिंडरच्या तारखा त्यानंतर बघा.

जळकी इमारत पुढची अनेक वर्षे तशीच उभी होती, आजूबाजूला राहणाऱ्यांना रोज दिसत होती. नंतर ती पाडली, आणि आता त्या जागी स्मारक आहे. हॅम्लेटला जाणाऱ्या मराठी मंडळींना माझी विनंती आहे की स्टेशन पाहून परत फिरू नका. तिथेही जा.

प्रश्न : मुलगा शार्लटला असतो. पुढच्या भेटीत हॅम्लेटला रेल्वेने जाता येईल का?

उत्तर : शार्लटहून थेट प्रवासी गाडी नाही, मोटारीनेच जावे लागेल. हॅम्लेटला ॲमट्रॅक या देशभर प्रवासी गाड्या चालवणाऱ्या कंपनीची एकच गाडी थांबते, दिवसातून एकदा प्रत्येक दिशेला. पूर्वी ती न्यूयॉर्क ते मायामी धावणारी ‘सिल्व्हर स्टार’ होती. नोव्हेंबर २०२४ पासून शिकागो–वॉशिंग्टन–मायामी अशी ‘फ्लोरिडियन’ आहे. दक्षिणेकडे जाणारी रात्री उशिरा येते, उत्तरेकडे जाणारी सकाळी लवकर. रॉलीहून बसायचे असेल तर जमते, मात्र रात्री गावात राहायची सोय आधी करून ठेवा.

प्रश्न : तिकडे सध्या रेल्वेच्या कोणत्या बातम्या असतात? यार्ड बंद होणार असे ऐकतो.

उत्तर : बंद होण्याच्या वावड्या रेल्वेगावात कायमच असतात. आज सीएसएक्सचे यार्ड चालू आहे एवढे पुरे. लोकांची रोजची तक्रार वेगळीच आहे. मालगाड्या आता दोन-दोन मैल लांब झाल्या आहेत आणि अशी गाडी थांबली की गावची फाटके एकदम अडतात. मीही दक्षिणेतल्या अशा गावांत फाटकापाशी ताटकळले आहे, आणि मागे रुग्णवाहिका असेल तर काय, हा विचार तेव्हा सुटत नाही. गावांना किंवा राज्यांना याबाबत कंपन्यांना दंड करणे जमत नाही, कारण न्यायालये म्हणतात की हा विषय केंद्राच्या अखत्यारीत आहे. आणि केंद्रात अडलेल्या फाटकाची कमाल वेळ ठरवणारा कायदाच नाही. केंद्रीय रेल्वे प्रशासनाने नागरिकांना नोंद करता यावी म्हणून एक संकेतस्थळ सुरू केले आहे. तिथे नुसती नोंद होते.

बरी बातमी उत्तरेकडची आहे. सीबोर्डचा जुना मार्ग रॉलीच्या पुढे व्हर्जिनियाकडे जातो, त्यातला नॉर्लिना ते पीटर्सबर्ग हा तुकडा १९८०च्या दशकात उखडला. तो पुन्हा जोडून व्हर्जिनियाची राजधानी रिचमंडपर्यंत जलद प्रवासी गाड्या चालवायचा बेत आहे. डिसेंबर २०२३ मध्ये रॉली ते वेक फॉरेस्ट या पहिल्या टप्प्यासाठी केंद्राने १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. हॅम्लेट याच जुन्या मार्गावर आहे, पण रॉलीच्या दक्षिणेला. तिथपर्यंत काही पोहोचायला वेळ लागेल.

प्रश्न : मी शार्लटला कॉलेजात शिकते. हॅम्लेटच्या एका रस्त्याचा इतिहास लिहायचा प्रकल्प घेतला आहे. मोठ्या पुस्तकांत गावाबद्दल स्टेशन, कोल्ट्रेन आणि आग एवढेच सापडते. बाकीची माणसे कुठे शोधू?

उत्तर : तुझे पत्र वाचून फार आनंद झाला. बाकीची माणसे वर्तमानपत्राच्या आतल्या पानांत सापडतात. गावच्या पत्रात पूर्वी ‘वैयक्तिक’ म्हणून सदर असे. कोणाची बढती झाली, कोण इस्पितळात आहे, कोणाच्या घरी रविवारी पाहुणे आले, कोणाची बदली सव्हानाला झाली. वाचायला कंटाळवाणे वाटेल, पण एका रस्त्यावरची दहा वर्षांची अशी टिपणे एकत्र लावलीस की घरे बोलायला लागतात. राज्यातली जुनी वर्तमानपत्रे चॅपल हिलच्या विद्यापीठातल्या डिजिटल वारसा केंद्राने मोफत वाचायला ठेवली आहेत. एक काळजी घे. गोऱ्यांच्या मालकीच्या वर्तमानपत्रांत काळ्या वस्तीच्या बातम्या एका वेगळ्या, लहान रकान्यात असत, नाहीतर नसतच. त्या घरांसाठी चर्चची पुस्तके, शाळांची वार्षिके आणि डरमचे ‘कॅरोलिना टाइम्स’ हे काळ्यांच्या मालकीचे वर्तमानपत्र चाळ.

मग सॅनबॉर्न नकाशे घे. आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने गावोगावी इमारत-न्-इमारत मोजून काढलेले हे नकाशे वॉशिंग्टनच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या ग्रंथालयात आहेत. गुलाबी म्हणजे विटांची इमारत, पिवळी म्हणजे लाकडी. खाणावळ, बर्फाचा कारखाना, इंजिनशेड सगळ्यांवर नावे असतात. मात्र विमा कंपनीला ज्या वस्तीत रस नव्हता ती बऱ्याचदा नकाशाच्या कडेला संपते. त्या कडेपाशी थांबू नकोस.

आणि जनगणना. अमेरिकेत प्रत्येक घराची मूळ पाने ७२ वर्षांनी खुली होतात, म्हणून १९५० ची पाने एप्रिल २०२२ पासून बघता येतात. त्यांत रस्त्याचे नाव, घर क्रमांक, प्रत्येकाचे वय, वर्ण आणि काम लिहिलेले असते. हॅम्लेटच्या पानांवर ‘रेल्वे’ हा शब्द ओळीमागून ओळ येत राहतो. एका रस्त्याची पाने उतरवून काढ आणि सॅनबॉर्नच्या घरांवर एकेक नाव ठेवत जा. ब्रिजेस स्ट्रीट घेतलास तर मला जरूर कळव. कोल्ट्रेन कुटुंब गेल्यानंतर त्या कोपऱ्याच्या आसपास कोण राहायला आले, ते रेल्वेत होते की गिरणीत, हे मला वाचायचे आहे, आणि या सदरातली दोन पाने मी त्यासाठी राखून ठेवते.